रेणूंची स्वयंजुळणी: उतारा ठरवणारी आच आणि उसंत

२०२५ चा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना मिळाला. धातूचे आयन आणि सेंद्रिय रेणू एकमेकांत गुंफून तयार होणाऱ्या पोकळ, जाळीदार स्फटिकांसाठी हा पुरस्कार होता. या जाळ्या हवेतले पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात, हे बातम्यांतून बहुतेकांपर्यंत पोहोचले. त्या तयार कशा होतात, हे मात्र फारसे कोणी सांगितले नाही. चिमट्याने एकेक रेणू उचलून कोणी ही जाळी रचत नाही. घटक द्रावणात मिसळायचे, ठरावीक तापमानाला ठरावीक काळ ठेवायचे आणि बाकीचे काम रेणूंवर सोडायचे, अशी ही रीत आहे. तिला स्वयंजुळणी म्हणता येईल: घटक आपसात धडकतात, जोडले जातात, सुटतात, पुन्हा जोडले जातात आणि शेवटी हवी ती रचना उभी राहते.

येथे एक साधा प्रश्न पडतो. सगळे आपोआपच होत असेल, तर तेच घटक त्याच प्रमाणात घेऊनही एकदा भरपूर माल हाती येतो आणि दुसऱ्या वेळी नळीत नुसता गाळ उरतो, असे का होते? बहुतेकदा याचे उत्तर तापमान आणि वेळ यांत असते. दोन्ही गोष्टी स्वयंपाकघरापासून कारखान्यापर्यंत सर्वांच्या परिचयाच्या आहेत, पण रेणूंच्या जुळणीत त्या ज्या रीतीने काम करतात ती सहज सुचणारी नाही. जोड जितका घट्ट तितकी रचना चांगली आणि वाट जितकी जास्त पाहू तितका माल जास्त, हे दोन्ही समज येथे फसतात.

एका नळीत दोनशे वेगळे तुकडे

नोबेलविजेत्या जाळ्यांत घटकांचे प्रकार दोन-तीनच असतात आणि तेच पुन्हा पुन्हा वापरले जातात. खरी कसोटी लागते ती शेकडो वेगवेगळे घटक एकाच वेळी मिसळले जातात आणि प्रत्येकाची जागा वेगळी असते तेव्हा. याचे सर्वांत नीट अभ्यासलेले उदाहरण डीएनएचे आहे.

डीएनएच्या धाग्यावर ए, टी, जी, सी अशी चार अक्षरे असतात. ए टीशी जुळते आणि जी सीशी. दोन धाग्यांची अक्षरे एकमेकांना पूरक असतील, तर ते एकमेकांना बिलगतात. अक्षरांचा क्रम आपल्याला हवा तसा ठरवता येत असल्याने कोणता धागा कोणाला धरेल हेही ठरवता येते. आनुवंशिकतेचा हा रेणू बांधकामासाठी वापरावा, ही कल्पना नेड सीमन यांनी १९८२ मध्ये मांडली. २००६ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील पॉल रॉथमंड यांनी तिला सोपे आणि देखणे रूप दिले. त्यांनी एम१३ या जिवाणूभक्षक विषाणूचा सुमारे ७,२०० अक्षरांचा एक लांब धागा घेतला आणि त्यात दोनशेहून अधिक आखूड धागे मिसळले. प्रत्येक आखूड धागा लांब धाग्याचे दूरदूरचे भाग जवळ आणून टाचणीसारखे धरून ठेवत होता. मिश्रण ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून दोन तासांच्या आत २० अंशांपर्यंत आणले, तेव्हा नळीत सुमारे १०० नॅनोमीटर रुंदीचे हसरे चेहरे, तारे आणि त्रिकोण अब्जावधींच्या संख्येने तयार झाले होते. ही 'डीएनए ओरिगामी', म्हणजे डीएनएची घडीकला.

प्रयोगशाळेत हे पाहिले, तर डोळ्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही. ०.२ मिलिलिटरच्या प्लास्टिकच्या नळीच्या तळाशी काही थेंब स्वच्छ पाणी असावे, इतकेच. त्यात डीएनए असते आणि मॅग्नेशियमचा क्षार असतो. डीएनएचे धागे ऋणभारित असल्याने एकमेकांना दूर लोटतात, मॅग्नेशियम ते लोटणे शमवते. कोविडच्या काळात सर्वांना माहीत झालेल्या पीसीआर यंत्रात ही नळी ठेवतात. यंत्राचा धातूचा ठोकळा ठरवून दिलेल्या गतीने थंड होत जातो. नळीचे झाकण वरून तापवलेले असते, नाहीतर पाण्याची वाफ झाकणाला लागून खालचे मिश्रण आटले असते.

उतारा कसा मोजतात

साखर कारखान्यात उसाचा उतारा म्हणतात, त्याच अर्थाने येथे उतारा हा शब्द वापरतो आहे: घातलेल्या मालापैकी किती टक्के माल हव्या त्या रूपात हाती आला. तो मोजण्यासाठी नळीतील थेंब जेलच्या पातळ वडीत केलेल्या खाचेत सोडतात आणि विजेचा दाब देतात. नीट घडी बसलेल्या रचना सारख्याच आकाराच्या असल्याने सारख्याच वेगाने सरकतात आणि जेलमध्ये त्यांची एक रेखीव, उजळ पट्टी उमटते. अर्धवट किंवा वेड्यावाकड्या रचना पुसट पसरतात. एकमेकांत अडकलेला मोठा गुंता खाचेतून बाहेरच पडत नाही आणि तेथेच चमकत राहतो. पट्टी किती उजळ, पसारा किती आणि खाचेत किती अडकले, यांची तुलना केली की उताऱ्याचा अंदाज येतो.

आता थोडा हिशेब. रचनेत २०० घटक आहेत आणि प्रत्येक घटक योग्य जागी बसण्याची शक्यता ९९ टक्के आहे, असे समजू. ऐकायला हे उत्तम वाटते, पण सर्वच्या सर्व २०० घटक बरोबर बसण्याची शक्यता उरते सुमारे १३ टक्के. तीच अचूकता ९९.९ टक्के केली, तर उतारा ८२ टक्क्यांच्या आसपास जातो. घटक १,००० असतील, तर ९९ टक्के अचूकतेने दर एक लाख प्रयत्नांत जेमतेम चार रचना निर्दोष निघतील. म्हणजे घटकांची संख्या वाढली की पहिल्या फटक्यात बरोबर बसण्यावर भरवसा ठेवून चालत नाही. चूक होणार हे धरूनच चालावे लागते, आणि झालेली चूक सुधारण्याची सोय ठेवावी लागते. ती सोय तापमान करते.

तापमान म्हणजे उठण्याची मुभा

द्रावणातील रेणू कधीच स्वस्थ नसतात. पाण्याचे रेणू त्यांना सतत धक्के देत असतात, आणि तापमान जितके जास्त तितके हे धक्के जोरदार. दोन घटकांमधील जोड या धक्क्यांपुढे किती वेळ टिकतो, हेच स्वयंजुळणीतले कळीचे गणित आहे.

आरक्षित डब्यांची एक विचित्र गाडी डोळ्यांपुढे आणू. प्रत्येक डब्यात १ ते ७२ क्रमांकांच्या जागा आहेत आणि फलाटावर प्रत्येक क्रमांकाचे शंभर-शंभर प्रवासी आहेत. तिकिटावर डब्याचा क्रमांक नाही, कोणाच्याही हाती डब्याचा नकाशा नाही. आपल्या शेजारी कोणत्या क्रमांकाचा प्रवासी असायला हवा, एवढेच प्रत्येकाला ठाऊक आहे. डबा सुटतो तो सर्व ७२ योग्य माणसे बसल्यावरच. प्रवासी फार अस्वस्थ असतील, तर कोणीही टेकत नाही, योग्य जागी बसलेलाही क्षणात उठतो. हे फार उंच तापमान. सगळे पेंगुळलेले असतील, तर जो जिथे टेकला तिथेच झोपतो आणि खरा धनी वाटेत उभा राहतो. हे फार कमी तापमान. डबे भरतात ते मधल्याच स्थितीत, जेथे चुकीच्या जागी बसलेला माणूस थोड्या वेळात उठतो, पण योग्य शेजार मिळालेला माणूस बसून राहतो.

रेणूंत हा फरक जोडांच्या संख्येने पडतो. योग्य जागी बसलेला घटक तीन-चार बाजूंनी धरला जातो, चुकीच्या जागी बसलेला एखाद्याच बाजूने आणि तोही अर्धवट. सुटण्याचा वेग जोडाच्या बळकटीनुसार घातांकाने बदलतो, म्हणजे बळकटीत थोडा फरक पडला की टिकण्याच्या काळात प्रचंड फरक पडतो. तापमानाचेही तसेच आहे. १६ अक्षरजोड्यांनी धरलेला डीएनएचा आखूड धागा घेतला, तर ५० अंशांच्या आसपास तापमान अवघ्या १० अंशांनी उतरले तरी त्याचा सुटण्याचा वेग ढोबळ हिशेबाने काहीशे पटींनी घटतो. आपल्या दृष्टीने कोमट आणि थोडे अधिक कोमट एवढाच तो फरक, पण त्या धाग्याच्या दृष्टीने काही मिनिटे आणि काही दिवस यांमधला.

त्यामुळे योग्य तापमानाचा पट्टा अरुंद असतो. २०१४ मध्ये केंब्रिजमधील अलेक्स राइनहार्ट आणि डान फ्रेंकेल यांनी संगणकावरील प्रतिकृतीत हे नेमके दाखवले. त्यांनी डीएनएच्या 'विटा' घेतल्या होत्या. हार्वर्डमधील पेंग यिन यांच्या गटाने २०१२ मध्ये तयार केलेल्या या विटांत लांब धाग्याचा आधार नसतो. ३२ अक्षरांची प्रत्येक वीट वेगळी असते आणि आठ-आठ अक्षरांच्या जोडांनी चार शेजाऱ्यांना धरते. राइनहार्ट आणि फ्रेंकेल यांना असे आढळले की एका चिंचोळ्या पट्ट्याच्या वर काहीच घडत नाही, खाली गेले की वेडेवाकडे गोळे होतात आणि रचना नीट वाढते ती त्या पट्ट्यातच.

वेळ जातो कुठे

जुळणीचा वेळ तीन कामांत खर्च होतो आणि ती तिन्ही कामे वेगवेगळी आहेत, हे लक्षात घेतले की पुष्कळसा गोंधळ मिटतो.

पहिले काम सुरुवातीचे. दोन-तीन घटक एकत्र आले, तरी त्यांना धरून ठेवणारे शेजारी अजून कमी असल्याने ते लगेच सुटतात. योगायोगाने पुरेसे घटक एकाच वेळी जमले, तरच टिकाऊ गाभा तयार होतो. या गाभ्याला बीज म्हणतात. योग्य तापमानाला बीज पडायला बराच काळ लागू शकतो आणि तोवर उतारा शून्यच दिसतो. दुसरे काम वाढीचे: बीजाभोवती उरलेले घटक येऊन बसतात, आणि हे तुलनेने झटपट होते. तिसरे काम दुरुस्तीचे: चुकीचे बसलेले घटक सुटून त्यांच्या जागी योग्य घटक येतात. हे काम किती लांबेल, ते तापमानावर अवलंबून असते.

बीज पडायला लागणारा उशीर वाया गेलेला वेळ वाटतो. प्रत्यक्षात तो उताऱ्याचे रक्षण करतो. गाडीकडेच पाहा. फलाटावर शंभर डब्यांना पुरतील इतकेच प्रवासी आहेत. सगळे घाईने तीनशे डब्यांत चढले, तर प्रत्येकजण अगदी आपल्या क्रमांकावर बसला असला तरी प्रत्येक डब्यात सरासरी एक तृतीयांशच जागा भरतील, फलाट रिकामा होईल आणि एकही डबा सुटणार नाही. रेणूंमध्ये असेच घडते. तापमान फार खाली नेले की एकदम असंख्य बीजे पडतात, सुटे घटक संपतात आणि नळीत उरतात त्या हजारो अपूर्ण रचना. यात एकही जोड चुकीचा नसतो आणि उतारा तरीही शून्याजवळ असतो. माझ्या मते या विषयातील ही सर्वांत कमी समजली जाणारी गोष्ट आहे, कारण कमी उतारा दिसला की आपण आधी चुकीचे जोड शोधायला जातो.

रॉथमंड यांच्या ओरिगामीला एवढे यश का मिळाले, त्याचेही उत्तर यात आहे. लांब धागा म्हणजे आधीच मोजून ठेवलेला डबा. जितके लांब धागे तितक्याच रचना, त्यामुळे आखूड धागे कितीही जास्त घातले तरी नव्या रचना सुरू होऊन घटकांची टंचाई होत नाही. आखूड धागे मुद्दाम कित्येक पटींनी अधिक घातले जातात ते त्यामुळेच. विटांच्या पद्धतीत असा आधार नसल्याने बीज किती आणि केव्हा पडेल, हे सर्वस्वी तापमानाच्या हाती जाते.

एक परिणाम याहूनही चमत्कारिक आहे. निरनिराळ्या तापमानांना ठेवलेल्या नळ्यांचा उतारा वेळेनुसार आलेखावर मांडला, तर रेषा एकमेकींना छेदतात. कमी तापमानाची नळी सुरुवातीला आघाडी घेते, कारण तेथे बीजे लगेच पडतात. मग ती खालच्याच पातळीवर थबकते. अधिक तापमानाची नळी बराच काळ शून्यावर रेंगाळते आणि नंतर पहिलीला मागे टाकून वर जाते. म्हणून 'उत्तम तापमान कोणते?' या प्रश्नाला 'किती वेळ थांबायची तयारी आहे?' हे विचारल्याखेरीज उत्तर देता येत नाही. तासाभरात माल हवा असेल तर एक तापमान, दोन दिवस हाताशी असतील तर त्याहून थोडे वरचे.

आठवडाभराचे काम काही मिनिटांत

सपाट ओरिगामीनंतर शास्त्रज्ञ घन आकारांकडे वळले. २००९ मध्ये शॉन डग्लस, हेंड्रिक डीट्झ, विल्यम शी आणि सहकाऱ्यांनी एकमेकांवर रचलेल्या अनेक थरांच्या रचना केल्या. दाटीवाटीने भरलेल्या या रचनांत धागा जागेवर पोहोचणेच अवघड असते, म्हणून त्यांनी फार सावकाश थंड करण्याचा मार्ग धरला: ८० ते ६० अंश ८० मिनिटांत, आणि ६० ते २४ अंश तब्बल १७३ तासांत. एका नळीसाठी यंत्र आठवडाभर अडकून पडायचे. घन रचनेला वेळ लागणारच, असा समज त्यातून रुजला.

२०१२ मध्ये म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील डीट्झ यांच्याच गटाने हा समज तपासून पाहिला. डीएनएच्या जुळलेल्या धाग्यांत शिरून चमकणारा रंग त्यांनी मिश्रणात घातला आणि तापमान उतरत असताना चमक केव्हा वाढते, यावर नजर ठेवली. सावकाश उतरणीच्या संपूर्ण काळात घडी थोडी थोडी बसत असावी, अशी अपेक्षा असते. दिसले वेगळेच. घडी काही अंशांच्या अरुंद पट्ट्यात जवळजवळ एकदम बसत होती, आणि त्या पट्ट्याच्या वर-खाली घालवलेले तासन्‌तास निरुपयोगी होते. मग त्यांनी मिश्रण तापवून थेट त्या पट्ट्यातील एका तापमानावर आणले आणि तेथेच धरून ठेवले. शेकडो धाग्यांची घडी काही मिनिटांत बसली, आणि तापमान नीट निवडलेल्या रचनांचा उतारा १०० टक्क्यांच्या जवळ पोहोचला.

याच प्रयोगातील आणखी एक निरीक्षण मोलाचे आहे. तयार रचना पुन्हा तापवली, तर ती ज्या तापमानाला बसली होती त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला उलगडते. म्हणजे मधला एक टापू असा आहे की तेथे तयार रचना खुशाल टिकते, पण नवी सुरूच होत नाही. टिकण्याची क्षमता आणि घडण्याची क्षमता या वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा नसेल. बीज पडण्याचा अडसर तोच: पूर्ण रचनेत प्रत्येक धागा चहूबाजूंनी धरलेला असतो, सुरुवातीच्या धाग्याला मात्र कोणीच धरलेले नसते.

मग सावकाश थंड करणे चुकीचे होते का? तसे म्हणता येणार नाही. योग्य तापमान आधी माहीत नसते, आणि सावकाश उतरणारे तापमान त्या पट्ट्यातून केव्हातरी जातेच, हा त्या पद्धतीचा मोठा गुण आहे. शिवाय काही रचनांना एकच तापमान पुरत नाही. मधल्या घटकांना अनेक शेजारी असतात, म्हणून ते उंच तापमानालाही धरून राहतात; कडेच्या घटकांना शेजारी कमी, म्हणून ते तापमान उतरल्यावरच बसतात. अशा वेळी बीज पडेपर्यंत वर थांबायचे आणि वाढ सुरू झाल्यावर हळूहळू खाली यायचे, हाच शहाणपणाचा क्रम असतो.

'जोड आणखी घट्ट केले तर?'

हा आक्षेप स्वाभाविक आहे: जोड सुटतात म्हणूनच इतका खटाटोप, तर ते सुटणारच नाहीत इतके बळकट करावेत. पण घट्ट जोडाने योग्य घटक जसा धरला जातो तसाच चुकीचाही, आणि बीजेही भराभर पडतात. निसर्गाने दिलेले उत्तर हिपॅटायटिस बी विषाणूच्या आवरणात दिसते. त्याचा गाभा झाकणारे कवच मुख्यतः १२० प्रथिन-जोडगोळ्यांचे असते. ॲडम झ्लॉटनिक यांनी मोजून दाखवले की दोन जोडगोळ्यांमधील एकेक संपर्क अगदी दुबळा आहे, दर मोलला ३ ते ४ किलोकॅलरी. पाण्याच्या रेणूंचे धक्के सुमारे ०.६ किलोकॅलरीच्या मापाचे असतात हे लक्षात घेतले, तर एकटा संपर्क फार काळ तग धरत नाही. पण प्रत्येक जोडगोळी चार संपर्कांनी बांधली जाते आणि सगळे कवच मिळून भक्कम होते. द्रावणात मीठ वाढवून हे संपर्क प्रमाणाबाहेर घट्ट केले, तर कवचे पूर्ण होण्याऐवजी अर्धवट अडकतात.

याच उदाहरणात एक सावधगिरीची सूचना आहे. डीएनएचे जोड तापवल्यावर सैल होतात, म्हणून आतापर्यंत 'उष्ण म्हणजे सैल' असे लिहिले. प्रथिनांच्या बाबतीत कित्येकदा उलटे घडते: हिपॅटायटिस बीच्या कवचाचे जोड तापमान वाढले की अधिक घट्ट होतात. प्रथिनांचे तेलकट भाग एकमेकांना चिकटतात तेव्हा त्यांच्याभोवती शिस्तीत उभे राहिलेले पाण्याचे रेणू मोकळे होतात, आणि तापमान वाढेल तसा या मोकळेपणाचा लाभ वाढतो. त्यामुळे येथे गुंता टाळायचा तर थंड करावे लागते. जोड सुटता राहिला पाहिजे, हे तत्त्व दोन्हीकडे तेच. तापमानाचा काटा कोणत्या दिशेला फिरवायचा, हे मात्र पदार्थ ठरवतो.

'थंडच ठेवू आणि जास्त वाट पाहू'

वेळ देऊन सगळे सुधारते, हा दुसरा भरवसा. एखादा चुकीचा जोड सुटायला लागणारा काळ त्याच्या बळकटीनुसार घातांकाने वाढतो. धक्क्याच्या मापाच्या दहापट बळकट असलेला जोड वीसपट बळकट झाला, तर सुटण्याचा काळ दुप्पट होत नाही, तो सुमारे २२,००० पट होतो. एका मिनिटाचे पंधरा दिवस. तो तीसपट बळकट झाला, तर तेच पंधरा दिवस सुमारे नऊशे वर्षांवर जातात. फार थंड झालेले मिश्रण आठवडाभर ठेवले काय किंवा वर्षभर ठेवले काय, अडकलेले ते अडकलेलेच राहते. अशा वेळी थांबण्यापेक्षा मिश्रण पुन्हा तापवून, सगळे सोडवून, नव्याने सुरुवात करणे हाच खरा उपाय असतो. उलट फार उंच तापमानालाही वेळ उपयोगी पडत नाही, कारण तेथे रचना अस्थिरच असते. वेळेला किंमत आहे ती फक्त योग्य पट्ट्याच्या आत.

घटकांचे प्रमाण अगदी समसमान ठेवले की टंचाई टळेल, असेही सुचवले जाते. अरविंद मुरुगन, जेम्स झू आणि मायकेल ब्रेनर यांनी २०१५ मध्ये सैद्धान्तिक अभ्यासातून उलट बाजू दाखवली: काही घटक मुद्दाम कमी-जास्त ठेवल्याने नको त्या ठिकाणी होणारा त्यांचा वापर कमी होतो आणि उतारा वाढू शकतो. तापमान आणि वेळ यांच्या जोडीने प्रमाण हा तिसरा काटा आहे, पण तो पहिल्या दोघांची जागा घेऊ शकत नाही.

'पेशीत तर कोणी थंड-गरम करत नाही'

हाही रास्त मुद्दा आहे. शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास स्थिर असते आणि तरीही त्यात अत्यंत गुंतागुंतीच्या रचना बिनबोभाट उभ्या राहतात. पेशी तापमान बदलत नाही, ती बाकीच्या गोष्टी बदलते: घटक एकदम न सोडता क्रमाने तयार करते, चुकीची घडी उलगडायला मदतनीस प्रथिने ठेवते आणि त्यासाठी ऊर्जा खर्च करते. पण साध्या रचनांना याचीही गरज पडत नाही. १९५५ मध्ये बर्कलीत हाइन्झ फ्रेंकेल-कॉनराट आणि रॉब्ली विल्यम्स यांनी तंबाखूवरील मोझॅइक विषाणूचे प्रथिन आणि आरएनए वेगळे केले, पुन्हा एकत्र मिसळले आणि त्यातून रोग पसरवू शकणारा विषाणू परत उभा राहिला. त्यात सुमारे २,१३० एकसारखी प्रथिने एका आरएनए धाग्याभोवती रचली जातात, आणि रचना त्या धाग्यावरच्या एका ठरलेल्या जागेपासूनच सुरू होते. बीज कुठे पडावे हे आधीच ठरलेले, धागा एकच, म्हणून अर्ध्या रचनांची गर्दी नाही. रॉथमंड यांच्या लांब धाग्यामागील युक्ती उत्क्रांतीने फार पूर्वीच साधली होती.

कारखान्यापर्यंत

हा सगळा विषय प्रयोगशाळेतला वाटला, तरी त्याचा माल आपल्या दंडात टोचला जातो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरील लस म्हणजे विषाणूचे रिकामे कवच असते: एल१ नावाच्या प्रथिनाचे पाच-पाचाचे ७२ गट आपोआप जुळून ते तयार होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेल्या आणि जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आलेल्या 'सर्व्हाव्हॅक' लशीतही अशीच कवचे असतात. एचपीव्हीच्या कवचांबाबतचा एक अनुभव या लेखाच्या मुद्द्याला थेट भिडतो. यीस्टच्या पेशींत जुळलेली कवचे काढून ती आधी पूर्ण उलगडली आणि मग नियंत्रित परिस्थितीत पुन्हा जुळू दिली, तर ती अधिक एकसारखी आणि अधिक टिकाऊ होतात. काही उत्पादनप्रक्रियांत हा टप्पा मुद्दाम घातलेला असतो. पहिल्या जुळणीत राहून गेलेले दोष काढण्यासाठी रचना मोडून पुन्हा उभारणे, हे खर्चाचे वाटले तरी परवडते.

नोबेलविजेत्या जाळ्यांचीही तीच कथा आहे. धातू आणि सेंद्रिय रेणू यांचा जोड फार पटकन बसला, तर स्फटिकाऐवजी बेढब भुकटी मिळते, म्हणून मिश्रण बंद भांड्यात कित्येक तास, कधी दिवसभर तापवत ठेवतात. पुष्कळदा त्यात ॲसिटिक किंवा बेंझोइक आम्लही घालतात. हे आम्ल धातूवरील जागा तात्पुरती अडवते, खऱ्या घटकाला तेथे बसण्यासाठी त्याच्याशी चढाओढ करावी लागते आणि जुळणी मंदावते. जोड मुद्दाम अवघड करून चांगला माल मिळवण्याची ही रीत पहिल्या नजरेला उलटी वाटते.

उद्योगात मात्र मंदपणाची किंमत मोजावी लागते. जे भांडे एका घाण्यासाठी, म्हणजे एका वेळच्या मालासाठी, २४ तास अडकते, त्यातून दिवसाला एकच घाणा निघतो. तेच काम दोन तासांत झाले, तर त्याच भांड्यातून बारा घाणे निघू शकतात. उतारा ९५ टक्क्यांवरून ८५ टक्क्यांवर आला, तरी दिवसाचा एकूण माल कितीतरी वाढतो, आणि साध्या गाळणीसाठी तो सौदा फायद्याचा ठरू शकतो. लशीच्या बाबतीत तो तसा ठरत नाही, कारण उरलेले १५ टक्के वेगळे काढण्याचा खर्च आणि जोखीम दोन्ही जास्त असतात. म्हणून जुळणीचे तापमान आणि वेळ ठरवताना रसायनशास्त्रज्ञाला आधी विचारावे लागते, की अपूर्ण राहिलेल्या मालाचे पुढे काय करायचे आहे.

मोठा प्रश्न घटकांच्या संख्येचा आहे. यिन यांच्या गटाने २०१७ मध्ये १०,००० वेगवेगळ्या विटांची रचना उभी केली. त्यासाठी त्यांनी आठऐवजी तेरा अक्षरांचे जोड असलेल्या लांब विटा वापरल्या आणि उतारा आधीपेक्षा सुधारला. जोड घट्ट करू नयेत, या वरील म्हणण्याला हा अपवाद नाही, कारण लांब जोडांसाठी योग्य तापमानाचा पट्टाही वर सरकतो आणि त्या वरच्या तापमानाला ते जोड तितकेच सुटते राहतात. पण एवढ्या मोठ्या रचनेत बीज मोजकेच पडावे आणि सुटे घटक शेवटपर्यंत पुरावेत, हे साधणे अजून कठीण आहे. तयार आधारबीज मिश्रणात सोडून, तापमान नवे बीज पडणार नाही इतके वर ठेवायचे आणि वाढ फक्त त्या आधारावर होऊ द्यायची, हा त्यावरचा एक मार्ग आहे. त्या मार्गावर किती बीजे सोडायची हे आपल्या हाती राहते, आणि तापमानाकडे मुख्यतः दुरुस्तीचे काम उरते.